बेचाळिसावा बदल

"माप घ्यायला तुलाच घरी यावं लागंल," भूपालआण्णा दारात उभं राहून म्हणाले.

मी मशीनवरून मान वर केली नाही. लग्नसराईचे दिवस होते आणि माझ्या पुढ्यात अकरा ब्लाउजं पडली होती. म्हटलं, "माणूस हितं घेऊन या. घरोघर फिरून मापं घ्यायची सवय न्हाई मला."

"आणता येत न्हाई. तुझं दार बारीक पडतंय."

"एवढं कोण जाड हाय तुमच्या घरात?"

"जाड न्हाई गं, लांब हाय. ह्या टोकापासनं त्या टोकापत्तोर सव्वीस फूट."

मग मात्र मी मशीन थांबवलं.

याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. भूपाल मगदूम म्हणजे इचलकरंजीतले जॉबर. यंत्रमाग बिघडला की ज्याला बोलावणं जातं तो माणूस. सारा जन्म मागांच्या खडखडाटात गेल्यामुळं त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते स्वतः मोठ्यानं बोलायचे, आणि त्यामुळं त्यांची गुपितं गल्लीभर पोचलेली असायची. परसातल्या शेडमध्ये ते विमान बांधतायत हेही सगळ्यांना ठाऊक होतं. दहा वर्षं बांधत होते. पहिली दोन वर्षं लोक हसले, पुढची तीन-चार वर्षं चौकशी करत राहिले, आणि मग विसरून गेले. मीही विसरले होते.

मी तेव्हा छत्तीस वर्षांची, बिनलग्नाची. जिभेला धार आणि हाताला सफाई, या दोन्हींसाठी गावात माझं नाव होतं. माझ्याकडं कपडे टाकण्याचं आणखी एक कारण म्हणजे मी शिवणीच्या आत दोन बोटं माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवायची. दुसरे शिंपी कापड कापून मोकळे होत. माझ्या हातचा फ्रॉक पोरगी तीन वर्षं घालायची, दरवर्षी थोडा थोडा उसवून. माझी शिवण आपणहून उसवली असं मात्र सांगायला कुणी कधी आलं नाही, आणि या गोष्टीचा मला गर्व होता. साधा नाही, चांगला भक्कम गर्व होता.

शेडमध्ये शिरताना मला वाटलं होतं, पत्र्याचं काहीतरी चकचकीत बघायला मिळेल. तिथं होता लाकडाच्या बारीक पट्ट्यांचा सांगाडा. हात लावायला भीती वाटावी इतका नाजूक. पुढं एका जुन्या मोटारगाडीचं इंजिन बसवलेलं. पंख वेगळे काढून भिंतीला टेकवून ठेवले होते.

"ह्याला कापडाचा अभ्रा शिवायचा," आण्णा म्हणाले. "उशीला घालतीस तसा वरनं सरकवायचा. मग गरम इस्त्री फिरवायची. कापड आवळून बसतंय."

"आन् कापडावर हे उडणार?"

"कापडावरच उडतंय. कापड मीच विणलंय. मागाची सगळी जोडणी बदलून, साठ मीटर. फाडून बघायच्या मशीनवर बघितलं, नकाशात पायजे त्याच्या दीडपट ताकद भरली."

कापड मी बोटांत चुरगाळून पाहिलं. घट्ट, एकसारखं, कुठं गाठ नाही. कापडातलं मला कळतं. ते कापड विणणाऱ्यानं जीव ओतला होता.

"कशापायी करताय हे सगळं?" मी विचारलं.

आण्णा स्टुलावर बसले. "तीस वर्सांमागं एका मागाला मी एक तार लावली. धागा तुटला की माग आपोआप बंद. कापड नासायचं थांबलं. मालक आलं, बघितलं, म्हणालं, कंपनीनं दिलंय तसं चालव. तार काढून टाकली. तवा मनात आलं, एक तरी यंत्र असं करायचं की आपल्याला सुचंल ते त्यात करून बघता आलं पायजे."

"मग सायकल करायची."

"सायकल चुकली तर ढोपार फुटतंय. हे चुकून भागत न्हाई. म्हणून तर डोकं लावावं लागतंय."

आणि त्यांनी मला एक वही दाखवली. विमानाचा मूळ नकाशा परदेशातून टपालानं मागवलेला. तिथलं लाकूड इथं मिळत नाही, तिथले सुटे भाग इथं मिळत नाहीत, शिवाय काही गोष्टी आण्णांना त्याहून बऱ्या सुचल्या होत्या. नकाशापासून जिथं जिथं हात सोडला तो प्रत्येक बदल वहीत लिहिलेला. नंबर, तारीख, काय बदललं, का बदललं, आणि खाली तो तपासला कसा. पंख उलटा टांगून त्यावर वाळूची पोती रचली होती त्याचं चित्रसुद्धा होतं. असे चाळीस बदल. विणलेलं कापड हा एकेचाळिसावा.

शिवण पाच आठवडे चालली. आण्णांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती. शिवणीच्या आत अर्ध्या इंचाच्या वर कापड ठेवायचं नाही. मी पंखांना अर्धाच इंच ठेवलं. शेपटीलाही तेवढंच. हात शिवशिवत होते, तरी ठेवलं.

एका ठिकाणी मात्र मी माझंच खरं केलं. पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर वरखाली हलणारी एक फळी असते, सहा फूट लांब, फूटभर रुंद. विमान डावी-उजवीकडं कलतं ते तिच्यामुळं. तिचं इंग्रजी नाव आण्णांनी सांगितलं होतं, पण आम्ही दोघं तिला झडपच म्हणायचो. डावी झडप मी आधी शिवली. इस्त्री मारली की कापड कसं ओढलं जातं हे मी पाहिलं होतं, आणि सगळा ताण येणार तो मागच्या कडेच्या शिवणीवर. उसवलं तर तिथंच उसवणार. म्हणून मी तिथं दोन बोटं कापड आत दुमडून ठेवलं आणि दुहेरी टीप मारली. बाहेरून कुणाला कळणार नव्हतं. उजव्या झडपेलाही तसंच करणार होते, पण कापड कमी पडलं, म्हणून तिथं दुहेरी टीप मारून अर्धा इंचच राहू दिला. आण्णांना सांगितलं नाही. म्हटलं, शिवणीतलं त्यांना काय कळतंय. वर रंगाचे तीन हात बसले आणि ती गोष्ट मी विसरले.

माघ महिन्यात मुंबईहून विमान खात्याचे अधिकारी आले. रेगे त्यांचं नाव. त्यांची तारीख मिळायला दीड वर्ष लागलं होतं. बारीक अंगाचे, चष्मेवाले, बोलणं मोजकं. सोबत कागलकडचे घोरपडेसाहेब होते. हवाई दलात विंग कमांडर होते, निवृत्त झालेले, आणि विमान पहिल्यांदा तेच उडवणार होते. आण्णांच्या ओळखीत विमान चालवता येणारा तोच एक माणूस. साठीला टेकले होते, तरी पाठ ताठ. मी केलेलं भडंग ते खिशात भरून घेऊन फिरायचे आणि एकेक चिमूट तोंडात टाकत विमानाकडं बघत राहायचे.

रेगेसाहेबांनी वही उघडली आणि कपाळाला आठी घातली. "एकेचाळीस बदल? मगदूम, मग हे नकाशातलं विमान राहिलं कुठं?"

"न्हाई राहिलं, साहेब," आण्णा म्हणाले. "हे हितलं झालंय आता."

सकाळभर रेगेसाहेब विमानाच्या खाली, आत, वर सगळीकडं शिरले. प्रत्येक बदलाशी थांबून "हे का?" विचारायचे, आण्णा ओरडून उत्तर द्यायचे. दुपारपर्यंत साहेबांची आठी उतरली होती. पेडलला मागाच्या चामड्याचा पट्टा लावलाय तो पाहून तर ते म्हणाले, "हे मला सुचलं नसतं." आण्णांनी ते दोनदा ऐकून घेतलं, पहिल्यांदा ऐकू आलं असूनही.

मग साहेबांनी उजवी झडप काढायला लावली, बिजागरीच्या खिळ्यावर टांगली आणि सोडली. ती हवेत आडवी, तशीच थांबली. "छान," ते म्हणाले. "दुसरीही अशीच तोललीय ना?"

"व्हय. दोन्हीचं वजन एकच," आण्णा म्हणाले. खोटं बोलत नव्हते. नुसते सांगाडे त्यांनी तोलले होते, पुढं शिशाच्या कांड्या घातल्या होत्या, आणि कापडाचं वजन अर्ध्या इंचाच्या हिशेबानं धरलं होतं.

साहेबांनी फॉर्मवर सही केली. उद्या सकाळी सात वाजता उड्डाण. आण्णांनी टोपी काढून हातात घेतली आणि नुसते उभे राहिले. इतकी वर्षं त्यांना बघत होते, पण त्यांचा चेहरा असा मोकळा झालेला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मी चहा आणला. सहज म्हणून, खरंच सहज, विचारलं, "साहेब, ती झडप टांगून काय बघितलंत?"

साहेबांनी माझ्या पिशवीतली लाकडी पट्टी घेतली, पुढच्या बाजूला दोन बोटांत सैल धरली आणि हात हलवला. पट्टीचं मागचं टोक लटलटलं. मग माझा खडू त्या टोकाला चिकटपट्टीनं लावला आणि पुन्हा हात हलवला. पट्टी इतकी थरथरली की बोटांतून सुटून खाली पडली.

"मागचं अंग जड झालं की असं होतं," ते म्हणाले. "वेग वाढला की झडप फडफडायला लागते. थांबवता येत नाही. दोन-तीन सेकंदांत पंखच तुटून जातो."

"किती जड झालं तर?"

"फार नको. शंभर ग्रॅमसुद्धा पुरतात."

मी पट्टी उचलली. घोरपडेसाहेब पलीकडं भडंग खात उभे होते.

दुपारी विमानाचे पंख काढून सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढलं. बारा किलोमीटरवरच्या साखर कारखान्याची एक जुनी धावपट्टी होती, तिथं ते जाणार होतं आणि आण्णा त्याच्याजवळच मुक्काम करणार होते. मी शेडमध्ये एकटी राहिले. म्हटलं, दोन बोटं कापड, त्याला वजन ते काय असणार. कोपऱ्यात रंगवलेल्या कापडाचे तुकडे पडले होते. त्यातून सहा फुटांच्या पट्ट्या कापल्या, आतल्या घडीला जेवढ्या लागल्या असतील तेवढ्या, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले.

"जरा तोलून द्या."

दुकानदारानं पट्ट्या बघितल्या. "रत्नाताई, आता चिंध्या किलोवर इकायचा इचार हाय काय?"

"तोला मुकाट."

त्यानं पन्नासाचं वजन टाकलं, मग वीस, मग आणखी वीस. काटा मधोमध आला. नव्वद ग्रॅम.

ती रात्र कशी गेली हे सांगण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती खरी आहे. न सांगण्याचा विचार मी केला. बराच वेळ केला. नव्वद म्हणजे शंभर नव्हेत, असंही मनाला समजावलं. सांगितलं तर सही रद्द होणार, रेगेसाहेब संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला जाणार, पुढची तारीख मिळेपर्यंत पुन्हा दीड वर्ष जाणार, आणि आण्णांचं वय तेव्हा अडुसष्ट होतं. आणि गावभर होणार की रत्नाची शिवण नडली. हा विचारही होता. तो शेवटी नव्हता, चांगला वरच्या अंगाला होता.

पहाटेच्या पहिल्या एस. टी.नं मी कारखान्यावर गेले.

धावपट्टीवर एरवी आसपासच्या बायका मिरच्या वाळत घालायच्या. त्या दिवशी त्यांनी मिरच्या गोळा करून दोन्ही कडांना ढीग लावले होते आणि ढिगांशेजारी बसून तमाशा बघत होत्या. विमान जोडून तयार. घोरपडेसाहेब आत बसून पट्टा आवळत होते. आण्णा पुढं इंजिनाच्या पंख्याला हात लावून उभे, आता फिरवणार. वाटेत मी ठरवलं होतं, आण्णांना बाजूला घेऊन हळू सांगायचं. पण आण्णांना हळू सांगून ऐकू येत नाही हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी जाऊन सरळ पंख्याच्या पुढ्यात उभी राहिले.

"रत्ना, बाजूला हो."

"न्हाई."

"अगं इंजान चालू करायलोय."

"करू नका. डाव्या झडपंत दोन बोटं कापड जास्त हाय. मी ठेवलंय. नव्वद ग्रॅम भरतंय."

हे मला ओरडूनच सांगावं लागलं. धावपट्टीवर सगळ्यांना ऐकू गेलं, मिरचीवाल्या बायकांनासुद्धा.

रेगेसाहेब आले, त्यांनी डावी झडप काढायला लावली. आण्णांनीच ती काढली, हात स्थिर ठेवून. खिळ्यावर टांगली आणि सोडली. मागचं टोक सरळ खाली गेलं.

घोरपडेसाहेब खाली उतरले. त्यांनी त्या लोंबणाऱ्या झडपेकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि खिशातून भडंग काढून पुढं केलं. "घ्या. सकाळपासनं काय खाल्लं नसंल तुम्ही."

मला ते घेता येईना. मी आण्णांकडं बघत होते. ते विमानाच्या चाकाशी खाली बसले होते.

रेगेसाहेबांनी फॉर्म काढला आणि आपल्याच कालच्या सहीवर आडवी रेघ मारली. मग म्हणाले, "दोन्ही झडपा काल मी तोलायला हव्या होत्या. ती माझी चूक." ते माझ्याकडं वळले. "रत्नाबाई, हे तुम्हांला कुणी विचारलं होतं?"

"न्हाई."

"मग का सांगितलंत?"

"शिवलंय मी. मग दुसरं कोण सांगणार?"

साहेबांनी चष्मा पुसला. "उसवून पुन्हा शिवायला किती वेळ लागेल?"

"उसवायला तास, शिवायला दोन. रंग वाळायला ऊन."

"ऊन भरपूर आहे," ते म्हणाले. "माझी गाडी उद्याही आहे."

एका लिंबाखाली सतरंजी घालून मी बसले. आयुष्यभर मी लोकांचं उसवत आले होते, पोरी वाढल्या म्हणून, बायका जाड झाल्या म्हणून. स्वतःची शिवण चुकली म्हणून पहिल्यांदा उसवत होते. टाके इतके पक्के होते की माझ्याच बोटांना दाद देईनात. सुईत दोरा ओवायला गेले तर ओवेना. तीनदा चुकल्यावर रेगेसाहेबांनी सुई काढून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि एका दमात दोरा ओवून दिला.

"साहेब, आता परवानगी मिळंल का आण्णांना?"

"कालच्यापेक्षा आज मला जास्त खात्री आहे," ते म्हणाले. "अठरा वर्षं हे काम करतोय. समोरच्यानं झाकायचं आणि मी शोधायचं, असंच चालतं. असं पंख्यापुढं येऊन कुणी उभं राहिलं नव्हतं." आणि मग, "आमच्याकडं पुष्कळ जण म्हणतात, घरी बांधलेली विमानं बंदच करून टाका. काल इथं येताना मीही त्यातलाच होतो."

नवी शिवण अर्ध्या इंचावर घालून झाली. इस्त्री झाली, रंग झाला, झडप उन्हात ठेवली. आण्णा दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते इंजिनाशी काहीबाही करत राहिले, ज्याची काही गरज नव्हती. ऊन कलायला लागलं तसे ते सतरंजीवर येऊन बसले. हातात वही होती.

"आण्णा, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"तुम्ही अर्धा इंच म्हणालासा. मी दोन बोटं ठेवलं."

"ते न्हाई चुकलं," आण्णा म्हणाले. "तितं ताण येतोय हे तुला दिसलं. मला दिसलं न्हवतं. दुहेरी टीप मारलीस ती बरोबरच हाय, ती राहू दे. मी त्या नकाशात एकेचाळीस जागी हात घातला, तू एका जागी घातलास. तुला कोण अडवणार? मी अडवू?" त्यांनी वही उघडून माझ्या मांडीवर ठेवली. "मी लिवून ठेवलं, तू न्हाई ठेवलंस. तेवढं कर."

मी घाबरून म्हटलं, "ह्या वहीत मी लिहू?"

"मग कोण लिवणार? तुझा बदल हाय."

मी बेचाळीस नंबर घातला, तारीख घातली. आणि लिहिलं, डाव्या झडपेच्या मागच्या कडेला दोन बोटं कापड जास्त ठेवलं होतं, वजन नव्वद ग्रॅम. कारण, शिवण उसवू नये म्हणून. काढून अर्धा इंच केलं. दुहेरी टीप दोन्हीकडं ठेवली. तपासलं कसं, या रकान्यापाशी मी थांबले. आण्णांनी उजव्या आणि डाव्या दोन्ही झडपा आणल्या, दोन खिळ्यांवर शेजारी शेजारी टांगल्या आणि सोडल्या. दोन्ही आडव्या राहिल्या. मी ते लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं, रत्नप्रभा सिद्राम हावळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रेगेसाहेबांनी नव्या फॉर्मवर सही केली. आण्णांनी पंखा फिरवला. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा लागलं, आणि पंख्याच्या वाऱ्यानं कडेच्या मिरच्यांचे ढीग उडाले. लाल धुरळा सगळ्या धावपट्टीवर. शिंकांचा नुसता गदारोळ. बायका शिंकतायत, रेगेसाहेब शिंकतायत, आण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय आणि ते कशाचं आहे हे विचारायची सोय नाही. डोळे पुसून बघते तो विमान जमिनीवर नव्हतं. उसाच्या शेंड्यांवर होतं, मग त्याच्याही वर. पांढरं कापड उन्हात इतकं साधं दिसत होतं की दोरीवर वाळत घातलेलं धोतरच निघालंय असं वाटावं.

बारा मिनिटं ते वर होतं. मी डाव्या पंखावरून नजर काढली नाही. कारखान्याच्या चिमणीपलीकडं ते डावीकडं कललं तेव्हा मी एक, दोन, तीन असे सेकंद मोजले. मग ते सरळ झालं, परत आलं, दोनदा उसळून टेकलं आणि थांबलं.

सगळे आण्णांकडं धावले. बायकांनी त्यांना गराडा घातला, रेगेसाहेबांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. घोरपडेसाहेब उतरले ते मात्र गर्दी टाळून माझ्याकडं आले. डोळे त्यांचेही लाल होते.

"चिमणीपाशी डावीकडं वळवलं," ते म्हणाले. "वळण संपल्यावर विमान वळवायचा दांडा सोडून दिला."

"सोडून दिला म्हंजे?"

"दोन्ही हात काढून घेतले. मांडीवर ठेवून बसलो. चांगला मिनिटभर."

"असलं कशापायी करायचं?" मला रागच आला. "कुणी सांगितलं होतं तुम्हांला?"

"कुणी न्हाई. बसावं वाटलं." त्यांनी मागं वळून विमानाकडं पाहिलं. "इतकी वर्सं विमानं चालवली, बाई. कुठलंच कुणी बनवलंय ते मला म्हाईत न्हवतं. ह्याचं म्हाईत होतं."

मग ते आण्णांकडं गेले, आणि मी तिथंच धावपट्टीवर बसून पोटभर रडले.